सोळा इंची चाकं आणि ताईचं ओझं

सायकलवाल्याने दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर केलं, तेव्हा पलीकडे त्याला आधी दोन चपला दिसल्या आणि त्यांच्या शेजारी दोन चिमुकली चाकं. मागचं चाक बशीसारखं वाकलेलं होतं. त्याने शटर तिथेच थांबवलं.

"ताई, आज दुकान बंद आहे."

"मग उघडतोयस कशाला? चल, वर घे. साडेनऊला मला पडदेवाल्याकडे पोचायचंय."

त्याने शटर वर ढकललं. समोर त्याची थोरली बहीण उभी. अठ्ठावन्न वर्षांची, काटकुळी, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेशही नाही. महिन्यातली ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा चार स्पोक तुटले होते. दुसऱ्यांदा सायकल जिथे घडी होते त्या बिजागरीचा खटका सैल झाला होता. आता अख्खं चाक.

"काय नेलंस?"

"काही नाही."

"ताई."

"एक मशीन."

"एकच?"

"एक मशीन आणि एक मोटर. पिशवी काय, ती तर नेहमीचीच."

ती नेहमीची पिशवी त्याने एकदा शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकून पाहिली होती. नऊ किलो भरली होती. त्याने सायकल उलटी केली, चाक सोडवलं, आणि स्टँडवर चढवून त्याचा आउट काढायला बसला. ताईने स्टूल ओढलं आणि तो काम बरोबर करतोय की नाही ते बघत बसली.

ताई शिलाई मशीनची मिस्त्री होती. एकोणिसाव्या वर्षी ती कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला लागली. तिथला मिस्त्री जेवून झाल्यावर कापडाच्या गठ्ठ्यांमागे ताणून द्यायचा, आणि तोवर कुणाचं मशीन बंद पडलं की त्या बाईचा अर्धा दिवस फुकट जायचा. एका दुपारी शेजारणीचं मशीन अडलं. ताईने एका नाण्याने स्क्रू फिरवला, खालची पत्र्याची झडप काढली आणि आत अडकलेला दोरा चिमट्याने ओढून काढला. मशीन चाललं. मिस्त्री उठला तेव्हा त्याला करायला कामच उरलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती. पुढची चोवीस वर्षं त्या कारखान्यातली ऐंशी मशीनं ताईने चालती ठेवली. कागदावर ती त्यातली निम्मी वर्षं मदतनीसच होती. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ती सांगायची, की तिसऱ्या रांगेतल्या खिडकीपाशी तेल कमी पडलंय.

कारखाना बंद झाल्यावर तिने दारोदार दुरुस्तीचं काम सुरू केलं. घरगुती मशीनं जागेवरच दुरुस्त व्हायची. मोठा बिघाड असला तर मशीन घरी आणायचं, दोन दिवसांनी परत पोचवायचं. जुनं लोखंडी मशीन, पाय आणि टेबल सोडून, नुसतं वरचं धरलं तरी बारा-तेरा किलोंचं. ताई राहायची चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली जिन्याशी ठेवलेली तिची सायकल एकदा चोरीला गेली. दुसरी घेतली, तीही गेली. तेव्हा परगावी असलेल्या मुलीने ही फोल्डिंगची सायकल पाठवली. घडी करायची, उचलून वर न्यायची, पलंगाखाली सरकवायची. मुलीला वाटलं होतं, आईने संध्याकाळी बागेत दोन चकरा माराव्यात, जरा मोकळं व्हावं. आईने दुसऱ्याच दिवशी त्या सायकलवरून चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्याचं मशीन आणलं. ते वीस किलोंचं होतं.

तेव्हापासून सायकलवाल्याच्या नाकी नऊ आले होते.

"ह्यावर लिहिलंय बघ," ताई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती आणि सीटखालच्या चिकटपट्टीवर बोट ठेवलं होतं. "एकशे दहा किलो. माझं वजन सत्तेचाळीस. राहिले किती? त्रेसष्ट. म्हणजे मी चार मशीनं नेऊ शकते, आणि मी नेते एक. सांग, कुठे चुकलं?"

"ते एकशे दहा म्हणजे सीटवर बसलेला माणूस गं! मागे टांगलेलं लोखंड नाही!"

"सायकलला काय कळतंय, माणूस आहे का लोखंड?"

"सायकलला कळतं, ताई! तुला कळत नाही!"

त्याने तिला खडूने जमिनीवर चित्र काढून दाखवलं. वजन कुठे पडतं, लहान चाकाला खड्डा किती मोठा लागतो, मधल्या बिजागरीवर ताण कसा येतो. ताईने सगळं नीट ऐकून घेतलं, दोन शंकाही विचारल्या, आणि शेवटी म्हणाली, "मग कॅरिअरच जाड सळईचं कर ना." डोक्याला हात लावून त्याने कॅरिअर जाड सळईचं केलं. पुढे मागच्या चाकाला जाड स्पोक घातले. प्रत्येक वेळी तो निक्षून सांगायचा, की पुन्हा मी ह्या सायकलला हात लावणार नाही. त्याची बायको घरी म्हणायची, "हे कितव्यांदा? मोजायचं सोडून दिलंय मी. वन्सं काही तुमचं ऐकायच्या नाहीत. आमच्या दाजींनी तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी हात टेकले."

त्या सकाळी चाक सरळ करून त्याने सायकल तिच्या हाती दिली आणि म्हणाला, "ही शेवटची वेळ."

"बरं," ताई म्हणाली, आणि सीटवर बसता बसता सहज विचारावं तसं तिने विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस का रे छोटू?"

तो बावन्न वर्षांचा होता. ट्यूब घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत छोटू. तळपायाची आग मस्तकात गेली तरी त्याने विचारलंच, "का?"

कारण असं होतं. बायकांचा एक शिवणवर्ग जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चालायचा. ती इमारत पाडायची ठरली, वर्ग बंद झाला. तिथली पायाने चालवायची सहा मशीनं भंगारात जाणार होती. वर्गातल्या सहा जणींनी अर्ज केला, की मशीनं आम्हाला द्या. अधिकारी भला होता. म्हणाला, शनिवारपर्यंत उचला, सोमवारी भंगारवाला येईल. त्या सहाही जणी टेकडीवरच्या वस्तीत राहायच्या. पाण्याच्या टाकीपर्यंत रस्ता होता. तिथून वर गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकली शिरू नयेत म्हणून रोवलेले दोन लोखंडी खांब. त्यातून हातगाडी जात नव्हती. साधी सायकल नेली तरी हँडल अडायचं. पुढे चढ, मग बारा पायऱ्या, पुन्हा चढ, पुन्हा नऊ पायऱ्या.

"माझं हँडल दुमडतं," ताई म्हणाली. "खांबांतून आरामात जातं, मी बघून आलेय. चढावर सायकल ढकलायची. पायऱ्या आल्या की ओझं बायका उचलतील, मी सायकलची घडी करून काखेत मारीन. वर गेलं की पुन्हा उघडायची. सहा मशीनं, सहा स्टँड. बारा खेपा."

"स्टँड वीस किलोंचं आहे!"

"बावीस. मी मोजलंय."

त्याने नाही म्हणून सांगितलं. ठणकावून सांगितलं. दुकानातला पाना आपटून सांगितलं. शनिवारी सकाळी ओळखीचा टेंपो घेऊन तो त्या इमारतीपाशी हजर होता. टाकीपर्यंत तरी सगळं धड पोचेल, एवढाच आपला हेतू आहे, असं तो टेंपोवाल्याला दोनदा म्हणाला. टेंपोवाल्याने काही विचारलं नव्हतं.

टाकीपाशी सामान उतरलं. टेंपो गेला. सहा बायका, बारा लोखंडी ओझी, मशीनं बसवायच्या सहा फळ्या आणि एक इवलीशी सायकल, एवढं रस्त्यावर उरलं. सायकलवाल्याने एक स्टँड खांद्यावर घेतलं. सायकलीची गरजच काय, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. खांबांतून तो आडवा होऊन गेला, पहिला चढ चढला, आणि सातव्या पायरीवर त्याच्या कमरेत अशी काही कळ आली, की स्टँड कसंबसं टेकवून तो तिथेच बसला.

खालून ताई आली. मागच्या कॅरिअरवर मशीन, एका बाईचा हात मशीनवर, ताईचे दोन्ही हात हँडलवर.

"बस तिथेच," ती म्हणाली. "पाणी पी. आणि पाय मध्ये सोडू नकोस, माझी वाट आहे ती."

पाच मशीनं अशी वर गेली. तो पायरीवर बसून बघत होता, आणि बघवत नव्हतं. चढ लागला की मागच्या वजनाने पुढचं चाक उचललं जायचं. ताई हँडलवर सगळं अंग टाकून ते खाली दाबायची, चाक पुन्हा उचलायचं. तीस वर्षं सायकलीत घालवलेल्या माणसाच्या अंगावर काटा येईल असंच ते दृश्य होतं. शेवटी त्याच्याच्याने राहवेना. कंबर धरून तो उठला.

"थांब! थांब म्हणतो ना! चढावर मागे वजन ठेवतात का कधी?"

त्याने कुणाच्या तरी अंगणातली कपाटाची एक जुनी फळी मागून घेतली. सायकलचा मधला दांडा खाली, घोट्याच्या वर वीतभर उंचीवर होता. त्या दांड्यावर त्याने फळी लांबीने टाकली, सीटच्या खांबाला आणि पुढे हँडलच्या नळीला, पायऱ्यांपाशी चटकन सोडता येईल अशी, दोरीने आवळली. सहावं मशीन त्या फळीवर ठेवलं. पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं. ताईने दहा पावलं ढकलून पाहिलं आणि म्हणाली, "हे आधी का नाही सुचलं तुला?"

त्याला भयंकर राग आला, आणि त्यासोबत थोडं बरंही वाटलं.

मग स्टँडांची पाळी आली. दोन गेली. दोन खेपांच्या मध्ये ताई त्याच्याशेजारी टेकली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. तो म्हणाला, "कशासाठी एवढं? तुझी मशीनं आहेत का ही? सोमवारी भंगारात गेली असती, तर तुझं काय बिघडलं असतं?"

ताईने पदराने कपाळाचा घाम पुसला.

"कारखाना बंद झाला तेव्हा मशीनं किलोवर विकली," ती म्हणाली. "मी होते तिथे. ट्रकात उलटी टाकत होते, तोंडावर. तेल गळत होतं सगळ्यांतून. आदल्या आठवड्यात मी घातलेलं तेल. मी त्यांना म्हटलं, अरे, निदान सरळ तरी ठेवा. तर एक जण हसला. म्हणाला, बाई, लोखंड आहे ते." ती उठली. "चल, तीन गेली की अर्धं संपलं."

पंधरा वर्षांत हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "हळू ढकल."

तिसरं स्टँड दुसऱ्या चढावर होतं. पायऱ्या पंधरा पावलांवर राहिल्या असतील. कट् असा आवाज आला. कापड फाटावं तसा नाही, कोरडी फांदी मोडावी तसा. सायकल मधोमध, बिजागरीपाशी, खाली बसली आणि तिचे दोन तुकडे झाले. पुढचं चाक एकीकडे लवंडलं, मागचं दुसरीकडे. बावीस किलोंचं स्टँड फळीवरून घसरलं. ताईने ते सोडून द्यायचं की नाही? नाही. तिने दोन्ही हातांनी ते धरून ठेवायला बघितलं. अर्धं तिच्या हातात राहिलं, अर्धं तिच्या उजव्या पावलावर आलं.

सायकलवाला कंबर विसरून धावला. बायकांनी स्टँड उचललं. ताई भिंतीला टेकून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी.

"सोडता येत नव्हतं?" तो ओरडला. सगळी गल्ली दारात आली. "माणूस मोठं की लोखंड? सांगून सांगून जीभ झिजली माझी! चिमुटभर सायकल ती, तिच्यावर अख्खा कारखाना चढवायचा! वय काय, वजन काय, काही भान? पाय गेला असता म्हणजे?"

"झालं ओरडून?" ताई म्हणाली. "मग चप्पल काढ माझी. हळू. आणि स्टँडला काय झालंय, बघ."

स्टँडचा एक पाय तडकला होता. तिच्या पायाची दोन बोटं मोडली होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि पाच आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. राहिलेली स्टँड आणि फळ्या त्या बायकांनीच दोघी-दोघींनी धरून, थांबत थांबत, संध्याकाळच्या आत वर नेली.

चौथा मजला आता शक्यच नव्हता. सायकलवाल्याचं घर तळमजल्यावर, दुकानाच्या मागेच. ताई तिथे आली. दाजी दोन्ही वेळा येऊन बसायचे, हसायचे, आणि कुठल्याही वादात न पडता परत जायचे. परगावाहून भाचीचा फोन आला. "मामा, मी तिला फिरायला घेऊन दिली होती रे ती सायकल!" ती रडकुंडीला आली होती. "तू तिला अडवलं कसं नाहीस?"

पहिल्या आठवड्यात ताईने भावजयीचं शिलाई मशीन उघडलं. दुसऱ्या आठवड्यात टेबलफॅन. तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दाराची कडी, मग भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ पूर्वीपेक्षा नीट चालायला लागलं, पण जेवणाच्या टेबलावर आठ दिवस स्क्रू सापडत होते. मधलं दार उघडं ठेवून ती खुर्चीतून दुकानावर नजर ठेवायची. "छोटू, तो ब्रेक सैल राहिलाय." "छोटू, त्या बाईंना हवा भरून दे आधी, त्या घाईत आहेत." गिऱ्हाइकं आता त्याला सोडून आतल्या खुर्चीलाच विचारायला लागली.

पण एक गोष्ट ताई बोलत नव्हती, आणि तीच त्याला छळत होती. वजन मागे होतं तोवर सायकल टिकली होती. पाच मशीनं गेली होती. फळी त्याने टाकली होती. बिजागरीचा खटका आधीच सैल झालेला, हे तिला नाही, त्याला ठाऊक होतं. त्यानेच तर तो दुरुस्त केला होता. आणि बरोबर त्याच बिजागरीवर त्याने सगळा भार आणून ठेवला होता. खडूने चित्र काढून हे सगळं तिला शिकवणारा तो! ताईने एकदा तरी टोमणा मारावा, म्हणजे तोंडाला तोंड देता येईल, मोकळं होता येईल, असं त्याला रोज वाटायचं. ती चकार शब्द काढायची नाही.

चौथ्या आठवड्यात, तडकलेल्या स्टँडच्या पायाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी लावून तो बोल्ट आवळत होता. ताई खुर्चीत. तो मान वर न करता म्हणाला, "फळी माझी होती."

"हं."

"हं काय? फळी माझी होती. मी वजन मध्ये आणलं, म्हणून मोडली."

"मला काय दिसलं नाही का?" ताई म्हणाली. "मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस चार आठवडे?"

"काय बोलायचं? तू मदत करत होतास." मग थोडं थांबून, "आणि दुसऱ्या बाजूचा बोल्ट उलटा घातलायस."

त्याने पाहिलं. उलटाच होता.

मोडलेली सायकल ॲल्युमिनियमची होती. जोडली असती तर आठ दिवसांत पुन्हा तिथेच मोडली असती. भाची स्कूटर पाठवते म्हणाली, ताईने साफ नकार दिला. स्कूटरखाली वाकून तिला काही कळत नाही, म्हणे. मग सायकलवाल्याने दुकान मिटल्यावरच्या रिकाम्या वेळात जाड पोलादी नळ्या कापल्या, जोडल्या. पुढे लहान चाक, मागे जरा मोठं, मध्ये जमिनीलगत लांब पाटी, तिच्यावर दोन मशीनं शेजारी शेजारी बसतील एवढी. बिजागरी कुठेही नाही. अशी सायकल त्याने आयुष्यात बांधली नव्हती. दोनदा नळी वाकडी लागली, दोनदा त्याने ती कापून टाकली. बायको म्हणाली, "शेवटची वेळ, म्हणाला होतात ना?" तो म्हणाला, "ती सायकल वेगळी."

एकच अडचण होती. ह्या सायकलची घडी होत नव्हती, आणि चौथ्या मजल्यावर ती जाणं शक्य नव्हतं. म्हणजे ती राहणार दुकानात. म्हणजे ताई रोज सकाळी ती न्यायला येणार, आणि रोज संध्याकाळी ठेवायला. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा रंगाचा दुसरा हात देऊन झाला होता.

प्लास्टर निघालं. ताई काठी टेकत दुकानात आली, सायकलभोवती एक फेरी मारली, पाटीवर हात दाबून पाहिला, वाकून जोड पाहिले. मग काठी भिंतीला लावली आणि चढली. समोरच्या रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. सायकलवाला दारात उभा होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता, पण चेहऱ्यावर त्याने तसं दिसू दिलं नाही.

"जड आहे," ताई म्हणाली.

"जडच असणार! पोलाद आहे!"

"पण सरळ जाते." तिने ब्रेक दाबून पाहिले, दोन्ही. "सोमवारी टेकडीवर जायचंय. त्या बायकांनी उशांच्या अभ्र्यांचं काम घेतलंय, दोन मशीनं टाका सोडतायत म्हणे. खाली टाकीपाशी लावीन ही." मग तिने हँडलवर इकडे तिकडे पाहिलं, आणि कपाळावर आठ्या घातल्या. "घंटी कुठाय?"

सायकलवाला आत गेला, आणि घंटी शोधायला लागला.